‘दहा टक्के’ आले कुठून? गांजाचं तेल, जुनाट दुखणं आणि बीएमजेचा २०२१ चा आढावा

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरला गेले होते. चप्पल काढते न काढते तोच तात्यांनी एक खोकं पुढं केलं. "तू शिकलेली हाइस. बगून सांग, ह्ये घ्यावं का न्हाई?" आत ड्रॉपरची छोटी बाटली होती. वर हिरवं पान, खाली ‘विजया अर्क’. बाटली फोडलेली नव्हती, कारण काकूंनी फोडू दिली नव्हती. "माळकरी माणसाच्या घरात गांजा? नाव बदललं म्हणून काय झालं!"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय ६३, मधुमेह बारा वर्षांचा. गेली चार वर्षं दोन्ही तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरूण लागलेलंही सहन होत नाही. अकराला झोपतात आणि दोनला उठून अंगणात फेऱ्या मारतात. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी एका जाहिरातीवर फोन केला. सहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, मोबाइलवर चिठ्ठी आली आणि आठवड्यात खोकं घरी. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. मला रस होता तो खोक्यातल्या घडीच्या कागदात. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की जगप्रसिद्ध बीएमजेने जुनाट वेदनेसाठी या वनस्पतीची शिफारस केली आहे आणि दहा टक्के अधिक रुग्णांना आराम पडल्याचं सिद्ध झालं आहे.

संदर्भ खोटा नव्हता, आणि गंमत तिथेच सुरू होते. बनावट संदर्भ पकडणं सोपं असतं. खऱ्या पेपरमधलं खरं वाक्य चुकीच्या जागी बसवलेलं असेल तर ते पकडायला पेपर वाचावा लागतो. नेट-सेटची तयारी करणाऱ्या, पीएचडीला अर्ज टाकणाऱ्या बऱ्याच जणांचे मला मेसेज येतात की मेटा-अॅनालिसिस वाचायचं कसं. तर या वेळी तात्यांच्या निमित्ताने एक वाचू. (मी जैवसांख्यिकीत काम करते, डॉक्टर नाही. औषध सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला म्हणून हे वाचू नका.)

सप्टेंबर २०२१ मध्ये बीएमजेने या विषयावर एकमेकांना जोडलेले लेख छापले. त्यातले दोन आपल्या कामाचे. एक पद्धतशीर आढावा आणि दुसरी त्यावर बेतलेली मार्गदर्शिका. आढाव्यात ३२ यादृच्छिक चाचण्या आणि ५१७४ प्रौढ रुग्ण आहेत. ३० चाचण्यांत औषध तोंडावाटे, दोघांत त्वचेवर लावायचं. ओढायचा गांजा यात नाही. म्हणजे चिलीम ओढणाऱ्या कुणी या पेपरचा आधार घेऊ नये. २८ चाचण्या कर्करोगाशी संबंध नसलेल्या दुखण्याच्या, चार कर्करोगाच्या. रुग्णांचा पाठपुरावा एक महिन्यापासून साडेपाच महिन्यांपर्यंत. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ज्या आजाराची व्याख्याच ‘तीन महिन्यांहून जास्त टिकणारं दुखणं’ अशी आहे आणि जो प्रत्यक्षात दहा-दहा वर्षं टिकतो, त्याच्या औषधाबद्दलचा हा सगळा पुरावा साडेपाच महिन्यांत संपतो.

आता दहा टक्के. वेदना मोजायला यात १० सेंटिमीटरची रेघ वापरतात. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘कल्पना करता येईल तेवढं दुखतं’. रुग्ण खूण करतो, आपण पट्टीने मोजतो. प्लासिबोच्या तुलनेत कॅनाबिनॉइड घेणाऱ्यांची खूण सरासरीने ०.५० सेंटिमीटर खाली आली (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.२५ ते ०.७५). आणि रुग्णाला ‘हो, फरक जाणवतो’ असं वाटायला किमान किती घट लागते? लेखकांनीच ठरवलंय, १ सेंटिमीटर. म्हणजे सरासरी फरक जाणवण्याच्या उंबऱ्याच्या निम्मा आहे. आणि अंतरालाचं वरचं टोक धरलं तरी उंबरा गाठत नाही.

मग निष्कर्षात दहा टक्के कसे? ती मोजलेली माणसं नाहीत. ‘मॉडेलवरून काढलेला’ फरक आहे, आणि तसं सारांशातच लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. गणित साधं आहे. शाळेतलंच उदाहरण घ्या. वर्गात सगळ्यांना दोन मार्क ग्रेस दिले तर सरासरी फक्त दोननेच वाढते. पण ३३ आणि ३४ वर अडकलेली पोरं एकदम पास होतात आणि निकालाची टक्केवारी चांगलीच वर जाते. किती वर जाते हे ग्रेसवर जितकं अवलंबून, तितकंच ३५ च्या अलीकडे किती पोरं दाटीने बसलीत यावरही. वेदनेच्या बाबतीत उंबरा १ सेंटिमीटर, ग्रेस अर्धा सेंटिमीटर, आणि दाटी किती ते घंटाकृती वितरण गृहीत धरून काढलेलं. त्यातून उत्तर येतं, दर शंभरात अंदाजे १० जण जास्त उंबरा ओलांडतात (अंतराल ५ ते १५).

ही पद्धत चुकीची नाही. सरासरीच्या भाषेपेक्षा ‘शंभरातले किती’ ही भाषा डॉक्टरला आणि रुग्णाला कळते, म्हणूनच ती वापरतात. माझी तक्रार एवढीच की निष्कर्षाच्या ओळीत दहा टक्के वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा माणसं दुखण्यातून मोकळी झाल्याचं चित्र येतं. खरं चित्र असं की ती दहा माणसं साडेसहावरून साडेपाचवर आलीत. रेघेवर एक सेंटिमीटर.

उंबरा हलवला की उत्तर हलतं, हे बघायला दुसरा पेपर उघडू. तात्यांचं दुखणं मज्जातंतूंचं आहे, आणि नेमक्या अशा दुखण्यावर कॉक्रेनचा २०१८ चा आढावा आहे: १६ चाचण्या, १७५० रुग्ण. वेदना ३० टक्क्यांनी कमी होणं हा उंबरा धरला तर औषधाच्या गटात ३९ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ३३ टक्के लोक तो ओलांडतात. एका माणसाला फायदा होण्यासाठी ११ जणांना औषध द्यावं लागतं. उंबरा ५० टक्क्यांवर नेला की आकडे २१ आणि १७ होतात, आणि ११ च्या जागी २० येतात. (वजाबाकी करून १०० ला भागलंत तर २० नाही, २५ येतील. गोंधळू नका. मेटा-अॅनालिसिसमध्ये प्रत्येक चाचणीला वेगळं वजन देऊन फरक एकत्र करतात, सगळ्या रुग्णांना एका पोत्यात ओतून नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.) त्याच आढाव्यात चक्कर, सुस्ती, गोंधळ अशा मज्जासंस्थेच्या तक्रारी ६१ टक्के विरुद्ध २९ टक्के आहेत. लेखकांचं मत: फायद्यापेक्षा तोटा भारी पडण्याची शक्यता.

बीएमजेच्या आढाव्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. झोपेत सुधारणा शंभरात ६ जणांना जास्त, शारीरिक हालचालीत ४ जणांना जास्त, आणि भावनिक किंवा सामाजिक पातळीवर काहीच नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. खोक्यातल्या कागदावर यातलं काहीही नव्हतं. कागदावर ‘तणावमुक्ती’ मात्र होती.

चक्कर येण्याचा आकडा मला सगळ्यांत जास्त खटकला. तीन महिन्यांपेक्षा कमी चाललेल्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा ९ टक्के जास्त लोकांना चक्कर आली. तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललेल्यांत २८ टक्के. दोन आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले आहेत, तेव्हा ‘वेळ वाढला म्हणून चक्कर वाढली’ असं छातीठोक म्हणता येत नाही. औषध वेगळं असेल, मात्रा वेगळी असेल, रुग्ण वेगळे असतील. चाचण्यांची आपापसातली तुलना यादृच्छिक नसते, हे विसरू नका. पण दिशा बघा. आता माझ्या डोळ्यांसमोर तात्या येतात. तळपायांना जमीन नीट कळत नाही, रात्री दोनला अंधारात उठतात, घराला दगडी उंबरा आहे आणि अंगणात हौद. सरासरी रुग्णाची चक्कर आणि तात्यांची चक्कर यांची किंमत सारखी नाही. कुठल्याही आढाव्यात ‘दुष्परिणाम सौम्य’ असं वाचलं की विचारा, कुणासाठी सौम्य?

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. प्लासिबो घेणाऱ्यालाही कळायला नको आणि औषध घेणाऱ्यालाही, ही आंधळ्या चाचणीची अट. पण ज्या औषधाने डोकं हलकं होतं, तोंड कोरडं पडतं, ते आपल्याला मिळालंय की नाही हे रुग्णाला कळणारच. एकदा कळलं की अपेक्षा कामाला लागते. २०२२ मध्ये जामा नेटवर्क ओपनमध्ये एक सुंदर पेपर आला होता. त्यांनी गांजाच्या चाचण्यांतला फक्त प्लासिबोचा गट उचलला: २० चाचण्या, १४५९ रुग्ण. नुसत्या खोट्या गोळीने वेदना मध्यम ते बऱ्यापैकी कमी झालेली दिसली. शिवाय या चाचण्यांना वर्तमानपत्रांत मिळालेली प्रसिद्धी बघितली तर निकाल काय लागला याच्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. चाचणी कुठलीही असो, बातमीचा सूर आशेचा. आता अर्धा सेंटिमीटरच्या फरकातला किती भाग औषधाचा आणि किती बातमीचा, हे वेगळं काढून दाखवा! बीएमजेच्या आढाव्याने या पुराव्याला ‘मध्यम खात्रीचा’ म्हटलंय. मला तो शेरा उदार वाटतो. नंतर मोठ्या चाचण्या झाल्या नाहीत असं नाही. २०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये कंबरदुखीच्या ८२० रुग्णांवरची चाचणी आली. प्लासिबोपेक्षा फरक दहाच्या मापावर ०.६. म्हणजे रुग्ण वाढले, शिस्त वाढली, फरक होता तिथेच.

आता त्या ‘शिफारस’ शब्दाकडे. बीएमजेच्या मार्गदर्शिकेत शिफारस आहे, हे खरं. पण ती ‘दुर्बळ’ शिफारस आहे, आणि ग्रेड पद्धतीत दुर्बळ हा पारिभाषिक शब्द आहे. सबळ म्हणजे बहुतेक सगळे जाणते रुग्ण हेच निवडतील. दुर्बळ म्हणजे काही निवडतील, काही नाही. समोर बसून दोन्ही बाजू सांगा आणि मग ठरवा. आणि वाक्याच्या सुरुवातीला अट आहे: नेहमीचे उपचार पुरेसे पडले नसतील तर. खोक्यातल्या कागदाने ‘दुर्बळ’ गाळलं, अट गाळली आणि शिफारस ठेवली.

त्याच वर्षी मार्चमध्ये वेदनेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, उलट भूमिका जाहीर केली होती: दर्जेदार पुराव्याअभावी वेदनेसाठी गांजाच्या सरसकट वापराला आमचा पाठिंबा नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने त्याआधी २०१९ मध्येच जुनाट वेदनेसाठी देऊ नका, सीबीडीसुद्धा फक्त चाचणीतच द्या, असं सांगितलं होतं. पुरावा जवळपास तोच. मग फरक कुठे? प्रश्नात. बीएमजेचं पॅनेल विचारतं की सगळं करून थकलेला एक रुग्ण समोर बसला असेल तर त्याला दार बंद करायचं का. आयएएसपी विचारते की लाखो लोकांसाठी आपला शिक्का द्यायचा का. पहिल्याला लहान फायदाही मोठा वाटू शकतो, दुसऱ्याला लहान धोकाही. पुरावा आणि निर्णय यांच्यामध्ये मूल्यं असतात, आणि ती पी-व्हॅल्यूत सापडत नाहीत. मला स्वतःला बीएमजेची भूमिका माणुसकीची वाटते आणि आयएएसपीची जास्त बरोबर. हे विसंगत आहे, मला माहीत आहे.

एक आडवळण. डॉक्टरची ‘शिफारस’ हा प्रकार आला कुठून? कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये मतदारांनी औषधी गांजाला मान्यता दिली, पण केंद्रीय कायद्यात तो निषिद्धच राहिला. त्यामुळे डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाही, फक्त ‘शिफारस’ करू शकतो. कायद्यातली फट बुजवायला काढलेला तो शब्द. आपल्याकडे फट वेगळी आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस येतो, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात, पण शेंड्यांपासून वेगळी पानं आणि बिया येत नाहीत. पानं राज्यांवर सोडलीत, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगेचा समावेश आहे. दुसऱ्या बाजूला औषधांच्या कायद्यातल्या ई-१ परिशिष्टात भांग आयुर्वेदिक घटक म्हणून आहे, आणि तिच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना सक्तीची. तात्यांच्या खोक्यावर ती होती, बारीक अक्षरात. सहा मिनिटांच्या कॉलला देखरेख म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. कायद्याच्या या गुंत्यात शेतकरीही येऊन गेला. २०२१ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एकाने कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरात गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. बातमी देशभर गाजली.

बाटलीचा मुद्दा मात्र पुराव्याशी थेट जोडलेला आहे. चाचण्यांत वापरलेली औषधं, म्हणजे नॅबिक्सिमॉल्स, ड्रोनाबिनॉल, नॅबिलोन वगैरे, मोजून बनवलेली आहेत. टीएचसी किती मिलिग्रॅम, सीबीडी किती, ठरलेलं. तात्यांच्या बाटलीवर मात्रा थेंबात होती आणि घटक ‘पानांचा अर्क’. थेंबात काय किती, लिहिलेलं नाही. ‘आयुर्वेदात पूर्वापार आहे’ म्हणावं तर तेही अर्धंच. शार्ङ्गधर संहितेत भांग आहे, जातिफलादि चूर्णात ती पडते. पण ते चूर्ण मुख्यतः पोटाच्या तक्रारींचं, आणि ड्रॉपरमधला हा अर्क त्या पाठाचा नाही. म्हणजे पुरावा एका वस्तूचा, परंपरा दुसऱ्या वस्तूची आणि बाटलीत तिसरीच. याला आपल्या भाषेत अप्रत्यक्ष पुरावा म्हणतात, आणि त्यासाठी खात्रीची पायरी खाली उतरवायची असते.

या विषयावरचं जुनं काम आपल्याच देशात झालंय, तेही बघून ठेवा. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओ'शॉनेसीने १८३९ मध्ये गांजाचे प्रयोग प्रसिद्ध केले: आधी जनावरांवर, मग संधिवात, धनुर्वात, पटकीच्या रुग्णांवर. तुलनेचा गट नाही. पण त्याहून मला आवडतो तो १८९३-९४ चा हेंप ड्रग्ज कमिशनचा अहवाल. ११९३ साक्षीदार, अनेक खंड. गांजाने वेड लागतं का, या प्रश्नासाठी त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांच्या १८९२ च्या नोंदी घेतल्या आणि नुसती बेरीज करून थांबले नाहीत. एकेक नोंद मागे जाऊन तपासली. ‘कारण’ या रकान्यात गांजा लिहिला होता तो बऱ्याचदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाने सांगितला म्हणून, किंवा रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून. खोलात गेल्यावर अशा कितीतरी नोंदी गळून पडल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी टंकलेखन यंत्रही दुर्मिळ होतं तेव्हा या लोकांनी डेटा साफ केला! आज ‘गुण आला’ या रकान्याबाबत कुणी एवढे कष्ट घेत नाही.

तर तात्या. मार्गदर्शिकेतली अट माझ्या डोक्यात अडकली होती: नेहमीचे उपचार पुरेसे पडले नसतील तर. मी त्यांची सगळी जुनी कागदं काढली, पिशवीभर. चार वर्षांत काय मिळालं? डायक्लोफिनॅक, बी-कॉम्प्लेक्स, पुन्हा डायक्लोफिनॅक, मध्ये एक मलम. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी जगभर आधी वापरतात ती औषधं, अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रिगॅबालिन, यातलं एकही नाही. म्हणजे नेहमीचे उपचार अपुरे पडले नव्हते, ते सुरूच झाले नव्हते. सहा मिनिटांच्या कॉलवर कुणी विचारलं नव्हतं की आधी काय घेतलंय. खरं सांगायचं तर आम्ही घरच्यांनीही विचारलं नव्हतं, मीही नाही. दर सुट्टीत ‘पाय कसे आहेत तात्या’ म्हणायचं आणि ‘हाय तसंच’ ऐकून पोहे खायचे.

पुढच्या आठवड्यात चुलतभाऊ त्यांना सोलापूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी तळपायांवर बारीक तार टेकवून बघितली, साखर तीन महिन्यांची काढली, रात्रीची एक गोळी लहान मात्रेत सुरू केली, आणि अनवाणी चालायचं नाही म्हणून दम दिला. गोरोबाकाकांच्या देवळात अनवाणी जाणं बंद, हे तात्यांना आजारापेक्षा जास्त लागलं. आता मोजे घालून जातात.

जाताना मी त्यांना सांगून आले होते की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा, दहापैकी किती दुखलं. महिन्याने गेले तर पहिले चार दिवस ५, ५, ५, ५, आणि पुढे नुसत्या टिकल्या. विचारलं तर म्हणाले, "दहापैकी म्हंजे काय गं? धापैकी धा कुणी बगितलंय? ज्या रात्री उठलो न्हाई त्या रातीला टिकली." मोजल्या. एकोणतीस रात्रींत अकरा टिकल्या. आधी किती असत्या, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.